सोळा रिकामे चौकोन आणि एक घुमट

कोआला सॅम्पलर या आवाज पकडून वाजवायच्या ॲपमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की बऱ्याच जणांचा विरस होतो. पियानोच्या पट्ट्या नाहीत, तबल्याचे तयार ठेके नाहीत, रागांची यादी नाही. चार बाय चार असे सोळा चौकोन, म्हणजे पॅड, दिसतात आणि सगळे रिकामे. वर ए, बी, सी, डी अशा चार बँका, म्हणजे एकूण चौसष्ट जागा. त्यांत काय भरायचं ते तुम्ही ठरवायचं. टॅबलेटवरच्या बाकीच्या संगीत ॲपमध्ये आधी वाद्य निवडतात, इथे आधी आवाज पकडावा लागतो. म्हणून हे ॲप शिकताना पहिले चार दिवस बटणांवर घालवू नका. ते आवाज पकडण्यात आणि छाटण्यात घालवा. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

ॲप एल्फ ऑडिओचं आहे, आयपॅडवरही चालतं आणि अँड्रॉइडवरही. मूळ ॲप एकदाच पैसे भरून मिळतं, ‘सामुराई’ नावाची भर वेगळी विकत घ्यावी लागते. पहिल्या महिन्यात ती लागत नाही.

उदाहरणासाठी इथे घुमट, म्हणजे कातडं चढवलेलं गोव्याचं मातीचं वाद्य, घेतला आहे. एक म्हणजे गोव्यात तो शेजारीपाजारी कुणाकडे तरी असतोच. दुसरं म्हणजे तो पकडायला अवघड. घुमट नीट रेकॉर्ड करता आला तर टाळ, शामेळ (घुमटाच्या साथीचं चर्मवाद्य), पेटी, पोदेराचा (पाव विकणाऱ्याचा) भोंगा, नळ्यांवरचा पाऊस, यांतलं काहीही अडणार नाही.

आधी हेडफोन

तारेचे हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला वेळ लागतो. गाणं ऐकताना तो कळत नाही, पण पॅडवर बोट मारलं आणि ठोका मागाहून आला की हात अडखळतो. मग माणूस नकळत आधी मारायला लागतो आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळं पुढे सरकलेलं सापडतं. टॅबला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सी पोर्टात बसणारा छोटा अडॅप्टर घ्या.

उशीर किती आहे ते तपासायची साधी पद्धत: एका पॅडवर टिचकीसारखा तोकडा आवाज ठेवा आणि नखाने काचेवर जरा जोरात मारा. नखाची टकटक आणि पॅडचा आवाज एकच वाटला तर ठीक. ‘ट-टक’ असे दोन ऐकू आले तर मागे चालू असलेली ॲप बंद करा, बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, आणि ऑडिओच्या सेटिंगमध्ये बफर (वाजवण्याआधी आवाज साठवून ठेवायची जागा) दिसत असेल तर तो एक पायरी कमी करा. फार कमी केला तर आवाज कुरकुरायला लागतो. कुरकुर थांबेल तिथे परत या.

हेडफोनचं दुसरं कारण असं की स्पीकर चालू ठेवून रेकॉर्ड केलं तर टॅबचाच आवाज माइकमधून परत आत येतो. कधी शिट्टी बसते, कधी नुसता डबक्यातल्यासारखा आवाज येतो आणि तो का येतो हे लवकर कळत नाही.

घुमट पकडणं

रिकामा पॅड दाबून धरला की माइक चालू होतो, सोडला की बंद. एवढंच तंत्र. चुका होतात त्या याच्या आजूबाजूला.

टॅब टेबलावर किंवा थेट फरशीवर ठेवू नका. घुमटाचा खर्ज लाकडातून टॅबच्या अंगात शिरतो आणि रेकॉर्डिंग घुमतं. चौघडी केलेला टॉवेल खाली घाला. माइकचं भोक कुठल्या कडेला आहे ते पाहून ठेवा, कव्हरने किंवा तळव्याने ते झाकलं जाणं ही फार नेहमीची चूक आहे.

घुमटाला दोन तोंडं असतात. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. एक हात कातड्यावर वाजतो, दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंड झाकतो आणि उघडतो, आणि खर्ज त्यामुळे वळतो. माइक त्या उघड्या तोंडासमोर धरला तर प्रत्येक ठोक्याबरोबर हवेचा झोत माइकवर आदळतो आणि आवाज फाटतो. माइक कातड्याच्या बाजूने, थोडा तिरका, साधारण तीन फुटांवर ठेवा. शामेळ दोन काठ्यांनी वाजतो आणि त्याचा आवाज टोकदार असतो, त्याला चार-पाच फूट द्या. कांसाळ्याला (धातूच्या झांजेला) त्याहून जास्त. माणसाच्या गळ्याला दीड फूट पुरे.

एक ठोका एका पॅडवर, असं चार-पाच पॅड भरा: लहान तोंड उघडं ठेवून मारलेला भरीव ठोका, तळव्याने झाकून मारलेला दबका ठोका, मारल्यावर तळवा सरकवून वळवलेला खर्ज, आणि कातड्याच्या कडेवर बोटांनी काढलेला कोरडा आवाज. भरीव ठोका दोनदा घ्या, एक जोरात, एक हलका. हलका म्हणजे जोराच्या ठोक्याचा आवाज कमी करून मिळतो असं नाही. हलक्या हाताला कातडं वेगळंच बोलतं. सगळे ठोके एकाच दमाचे असले की दोन मिनिटांत ऐकणाऱ्याला यंत्राचा वास येतो.

हे सगळे ठोके एकाच बैठकीत घ्या. पावसाळ्यात, आणि चवथ (गणेश चतुर्थी) येते ती नेमकी त्याच दिवसांत, दमट हवेने कातडं सैल पडतं आणि घुमट उतरतो. सकाळी घेतलेला ठोका आणि उन्हात तापवून दुपारी घेतलेला ठोका एका तालात शेजारी बसवले तर दोन वेगळ्या वाद्यांचे वाटतात. आधी वाद्य नेहमीप्रमाणे शेकून घ्या, आवाज स्थिर होऊ द्या, मग रेकॉर्ड करा. जुनी रेकॉर्डिंग जोडायचा मोह असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वीच्या घुमटावर घोरपडीचं कातडं असे. घोरपड संरक्षित प्राणी असल्याने आता बकऱ्याचं चढवतात, आणि २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळालेला घुमट आज मिळतो तो तसाच. दोन्ही कातड्यांचा आवाज सारखा नाही, जोडकाम कानाला कळतं.

पंखा बंद करा. फ्रिजच्या खोलीत बसू नका. रातकिड्यांवर मात्र इलाज नाही, संध्याकाळी उशिरा रेकॉर्डिंग टाळायचं एवढंच.

माइकवर लावता येतील असे आठ परिणाम ॲपमध्ये आहेत: बास वाढवणं, धार वाढवणं, फझ, रोबो, रिव्हर्ब वगैरे. रेकॉर्ड करताना यांतला एकही लावू नका. इथे लावलेला परिणाम आवाजात कायमचा मुरतो, नंतर काढता येत नाही. मीठ नंतर घालता येतं.

छाटणी

नवशिक्याचं काम कच्चं वाटतं ते जवळजवळ नेहमी इथेच. पॅडवर बोट ठेवल्याचा ‘टप्’, मग अर्धा सेकंद शांतता, मग ठोका, मग बोट उचलल्याचा ‘टक्’, असं प्रत्येक रेकॉर्डिंग असतं. ते तसंच वाजवलं तर प्रत्येक ठोका अर्धा सेकंद उशिरा येतो आणि शिकणारा स्वतःच्या लयीला दोष देत बसतो.

पॅड निवडून त्याची लहर, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठी करून पाहा. सुरुवातीची खूण ओढत ओढत ठोक्याच्या चढणीपर्यंत आणा. दोन बोटांनी लहर ताणून जवळून बघा, कारण लांबून जे टोक दिसतं ते खरं टोक नसतं. चढण सुरू होते त्याच्या केसभर आधी खूण ठेवा. चढणीच्या आत ठेवली तर ठोक्याची धार जाते आणि ‘टिक’ असा खोटा आवाज जोडला जातो. तीस मिलिसेकंदांची शांतता पुढे राहिली तरी जलद लयीत ती जाणवते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. खूण ठेवा, पॅड चार-पाच वेळा भराभर मारा, आणि बोटाबरोबर आवाज येतो का ते ऐका.

शेवटची खूण कुठे ठेवायची हे ठोक्यावर अवलंबून आहे. भरीव ठोक्याची शेपटी पूर्ण राहू द्या आणि बोट उचलल्याचा ‘टक्’ तेवढा बाहेर काढा. दबका ठोका लगेच कापा. कापल्यावर टोकाला क्लिक ऐकू आला तर रिलीज (आवाज विरायला लागणारा वेळ) किंचित वाढवा. कोरड्या कडेच्या आवाजाला ॲटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्यच हवा.

वाजवण्याची पद्धत दर पॅडला वेगळी ठरवता येते. ‘वन-शॉट’ ठेवला की एक टिचकी मारली तरी पूर्ण आवाज वाजतो. साध्या पद्धतीत बोट असेपर्यंतच वाजतो. घुमटाचे ठोके वन-शॉटवर ठेवा, वळवलेला खर्ज मात्र साध्यावर. बोट लवकर उचलून तो मध्येच तोडता येतो, आणि खऱ्या वादनातला तळव्याचा खेळ थोडाफार हाताशी येतो. उलटं वाजवायचीही सोय आहे. शामेळाचा ठोका उलटा केला की समेआधी (तालाच्या पहिल्या मात्रेआधी) आत ओढल्यासारखा आवाज मिळतो. एकदा वापरला तर छान, चौथ्यांदा कंटाळा.

आवाजाची पट्टी खाली आणली की लांबीही वाढते, कारण आवाज सावकाश वाजवूनच तो खाली येतो. बारा स्वरांनी, म्हणजे एक सप्तक खाली आणलात तर दुप्पट लांब, एक सप्तक वर नेलात तर अर्धा. लांबी न बदलता पट्टी बदलायची असेल तर सामुराईमधलं टाइम-स्ट्रेच लागतं. त्यात मॉडर्न, रेट्रो, बीट्स आणि री-पिच असे चार प्रकार आहेत. ठोक्यांना बीट्स, गळ्याला मॉडर्न असं सुरुवातीला धरून चाला. घुमटाला मात्र यातलं काहीच नको, नुसता तीन-चार स्वर खाली आणा. घराएवढा मोठा घुमट मिळतो.

ताल बसवणं

सीक्वेन्सचा पडदा उघडा. मेट्रोनोम चालू करा, वेग ठरवा, लांबी एक बार ठेवा, रेकॉर्ड दाबा आणि पॅड वाजवा. बार संपला की तो पुन्हा फिरतो आणि वर आणखी ठोके घालता येतात. सगळं एका फेरीत वाजवायचा हट्ट धरू नका. पहिल्या फेरीत फक्त सम आणि ‘खाली’ (तालातली रिकामी, बिनटाळीची जागा), दुसऱ्या फेरीत खर्ज, तिसऱ्या फेरीत कडेचे ठोके.

अडचण अशी की ॲपचा बार मेट्रोनोमच्या चार टिचक्यांचा, आणि आपले ताल सगळे चाराचे नाहीत. तीनताल सोपा: सोळा मात्रा, चार बार. केरवा आठ मात्रांचा. एका टिचकीत दोन मात्रा धरल्या की एका बारात एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी. दादऱ्याला टिचकी प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेवर धरा, म्हणजे एका टिचकीत तीन मात्रा. ‘धा धी ना’ एक टिचकी, ‘धा ती ना’ दुसरी. एका बारात दोन आवर्तनं बरोबर बसतात. वेग ५५ ते ६० ठेवलात तर आरतीची चाल येते. इथे क्वांटाइझ (ठोके आपोआप जवळच्या घरात बसवायची सोय) बंद ठेवा, नाहीतर तीन-तीनच्या मात्रा चारच्या घरांत कोंबल्या जातात आणि दादरा लंगडतो.

झपताल, रूपक यांच्याशी असली कसरत करू नका. पूर्ण आवर्तन एका पॅडवर रेकॉर्ड करा, समेच्या चढणीपासून पुढच्या समेच्या चढणीआधीपर्यंत कापा आणि तो पॅड लूपवर ठेवा. हे कापणं नेमकं हवं. आवर्तनामागे पन्नास मिलिसेकंद जादा राहिले तर वीस आवर्तनांत पुरा एक सेकंद साठतो, आणि बरोबर वाजणारं दुसरं काही असेल तर तोवर सगळं विस्कटलेलं असतं. दोनदा आवर्तन वाजवून रेकॉर्ड केलं तर दुसरी सम कुठे पडते ते लहरीत स्वच्छ दिसतं. एकच आवर्तन घेतलं तर शेवट अंदाजाने कापावा लागतो.

क्वांटाइझबद्दल थोडं. ते लावलं की प्रत्येक ठोका जवळच्या घरात ओढला जातो. चुका झाकतात, पण घुमटाची मजा ज्या किंचित रेंगाळण्यात आहे तीही जाते. सुवारी (घुमट-शामेळांचं सामूहिक वादन) ऐकलेल्या माणसाला चौकटीत ठोकलेला घुमट लगेच ओळखू येतो. शामेळ आणि टाळ क्वांटाइझ करा, घुमट हाताने वाजवला तसा राहू द्या. ठोका फारच सुटला असेल तर पुसून तेवढाच परत वाजवा. स्विंगचा खटका फिरवून लचक येईल अशी आशा धरू नका. स्विंग प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका ठरावीक मापाने मागे सरकवतो, वादकाचा हात असा मापून मागे येत नाही.

सूर

तानपुरा लूपवर ठेवायचा असेल तर चार तारांचं एक चक्र पुरत नाही, कान तिसऱ्या फेरीला पुनरावृत्ती पकडतो. तीन-चार चक्रं घ्या. पंचमाच्या तारेवर बोट पडण्याच्या आधी सुरुवात, आणि त्याच तारेवर पुढच्या कुठल्या तरी वेळी बोट पडण्याच्या आधी शेवट. सांध्यावर क्लिक आला तर शेवटची खूण थोडी मागेपुढे सरकवा. तानपुरा मेट्रोनोमच्या वेगाशी जुळवायचा खटाटोप करू नये, तो लयीला बांधलेला नसतोच.

कीबोर्ड मोड म्हणजे निवडलेला एकच आवाज सगळ्या पॅडवर वेगवेगळ्या पट्टीत पसरवणं. सगळे बारा स्वर घेता येतात किंवा नऊ स्केलांपैकी एक. इथे आवाज निवडताना चूक होते. देवळातली घंटा हमखास निवडली जाते आणि हमखास बेसूर वाटते. घंटेच्या आवाजात एकमेकांशी न जुळणारे अनेक स्वर असतात, त्यामुळे तिची पट्टी नेमकी कुठली हेच कान ठरवू शकत नाही. पोदेराच्या सायकलचा रबरी भोंगा त्यामानाने फार बरा. एक पट्टी, एक रंग, पटकन सुरू, पटकन बंद. त्याला एक सप्तक खाली आणा, खर्जाची चाल तयार. पेटीचा एकच सूर, समजा पांढरी एक, पाच सेकंद धरून रेकॉर्ड केला तरी उत्तम चालतो. मूळ सुरापासून पाच-सहा स्वरांपलीकडे नेऊ नका. वर नेलं की आवाज पोरकट होतो, खाली नेलं की ओढल्यासारखा.

तानपुऱ्यावर राग वाजवायचा असेल तर कीबोर्ड मोडवर भिस्त नको. त्याचे स्वर पेटीसारखे समान अंतरांवर आहेत. शुद्ध गंधार तिथे षड्जापासून ४०० सेंटांवर (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप), तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ वर. चौदा सेंटांचा हा फरक तानपुरा चालू असताना खुपतो. उपाय साधा आहे. लागणारे सातही स्वर गळ्याने, तानपुरा हेडफोनमध्ये ऐकत, सात पॅडवर वेगवेगळे गा. ते तुमच्या कानाने लावलेले असतील, ॲपच्या गणिताने नव्हे. चौसष्ट जागा आहेत, कंजुषी कशाला?

परिणाम आणि पुन्हा पकडणं

परफॉर्मच्या पडद्यावर सोळा परिणाम आहेत. चौकोनावर बोट ठेवून सरकवलं की परिणाम चढतो, बोट उचललं की उतरतो. पहिल्या दिवशी सगळे सोळा चाळून बघा, मग डब (घुमणारा प्रतिध्वनी), टेम्पो डिले (लयीतला प्रतिध्वनी), गेट (आवाज तुकड्यांत कापणारा) आणि फिल्टर (खर्ज किंवा धार गाळणारा) एवढेच जवळ ठेवा. स्टटर (एकच तुकडा अडखळत वाजवणारा) मोहक आहे, पण दर आवर्तनाला वापरला की बिघडलेल्या स्पीकरसारखा वाटतो.

गोम अशी आहे की हे परिणाम सहसा सगळ्या आवाजावर एकदम लागतात. घुमटावर डब टाकावा म्हणून बोट ठेवलं की तानपुराही त्यात वाहून जातो. यातून वाट ॲपमध्येच आहे. ॲपमधून बाहेर पडणारा आवाज परत रिकाम्या पॅडवर पकडता येतो. तानपुरा म्यूट करा, एकटा घुमट वाजवा, डब लावा, आणि ते सगळं नव्या पॅडवर घ्या. आता परिणाम फक्त त्या पॅडमध्ये मुरलेला आहे. तानपुरा परत चालू करा. ॲपची खरी ताकद हीच आहे: वाजवा, पकडा, कापा, त्यावर पुन्हा वाजवा. तीन फेऱ्यांनंतर मूळ ठोका ओळखू येत नाही, पण त्याचा दम राहतो.

पकडण्याआधी प्रोजेक्टची वेगळ्या नावाने प्रत ठेवा. एकत्र झालेले आवाज हवे तसे परत सुटत नाहीत. गाण्यातून गळा, ड्रम, बास वेगळे काढायची सोय ॲपमध्ये आहे खरी, पण तिचा आधार धरून निष्काळजी होऊ नये. घुमटाचा खर्ज तिला बास वाटेल की ड्रम, सांगवत नाही. आणि दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेतून गळा काढून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करणं हा प्रकार या सोयीमुळे सोपा झाला असला तरी कायदेशीर झालेला नाही.

शेवटी एक्सपोर्ट. एकेक लूप किंवा पूर्ण रचना वेव्ह फाइलमध्ये काढता येते. काढण्याआधी आवाजाची पातळी बघा. खर्ज आणि खाली आणलेला भोंगा एकाच वेळी पडले की आवाज फाटतो, आणि हेडफोनमध्ये न कळलेलं हे मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर लगेच कळतं. अशा जागी भोंगा निम्म्यावर आणा, घुमट तसाच ठेवा. फाइल टॅबच्या बाहेर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या फोनवर, त्याच दिवशी उतरवून घ्या. कोरडे, न छाटलेले ठोकेही बरोबर ठेवा. पुढच्या चवथीला तोच घुमट त्याच आवाजात बोलेल याची खात्री नसते.